तो हिरवा दिवा अ‍ॅव्हरेज देत नाही

मंडळी, पोस्ट मोठी आहे. ज्यांच्याकडे दहा-पंधरा वर्षांची जुनी गाडी आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. आणि ज्यांची मुलं व्हॅनमधून शाळेत जातात त्यांनी तर वाचाच.

गेल्या आठवड्यात मी फक्त चार ओळी लिहिल्या होत्या. गावातल्या प्रदर्शनात पेट्रोल वाचवणाऱ्या चिपचा स्टॉल लागला होता, तसाच आता शेजारच्या तालुक्यात लागतोय, पैसे घालू नका, एवढंच. त्याखाली काय धुरळा उडाला ते तुम्ही बघितलंच. दीडशेच्या वर कमेंट. कुणी म्हणालं सर, माझ्या गाडीला फरक पडलाय. कुणी म्हणालं तुम्ही मोठ्या कंपन्यांचे दलाल. एकानं तर "आपल्या माणसानं काही शोधलं की पाय ओढायला मराठी माणूस पहिला" असा निकालच देऊन टाकला. आणि बऱ्याच जणांचं म्हणणं एकच, लावून बघायला काय जातंय?

काय जातंय तेच सांगतो.

मी आयटीआयत बावीस वर्षं पोरांना मोटर मेकॅनिक शिकवलं. माझ्याकडे स्वतःची २००८ ची वॅगन-आर आहे, तीच अजून चालवतो. त्यामुळं जुन्या गाडीवाल्याचं दुखणं मला पुस्तकातून कळलेलं नाही. दर महिन्याला पंपावर खिसा मोकळा होतो तेव्हा कळतं.

स्टॉलवर चार वस्तू होत्या. पहिली, स्टिअरिंगच्या खाली जिथं मेकॅनिक स्कॅनर लावतो त्या सॉकेटात बसवायची चिप, किंमत १,४९९. दुसरी, पेट्रोलच्या पाईपला बाहेरून चिकटवायचं चुंबक, ९००. तिसरा, एअर फिल्टरच्या पाईपमध्ये बसवायचा पत्र्याचा पंखा, त्याला नाव काय तर टर्बो. आणि चौथं ऑर्डरप्रमाणे, पाण्यावर गाडी चालवायचं किट, साडेसहा हजारांपासून पुढं. वर बोर्ड लावलेला: "ई-२० चा रामबाण उतारा. अ‍ॅव्हरेज २० ते ३५ टक्के वाढणारच."

आणि काउंटरवर कोण? माझाच विद्यार्थी. हुशार पोरगा होता, हातात कसब होतं. नाव लिहिणार नाही. मला बघून उठला, पाया पडला आणि म्हणाला, "सर, तुम्हाला हजारात देतो." मी घेतली. हजार रुपये यूपीआयनं दिले. बिल मागितलं तर व्हिजिटिंग कार्ड दिलं.

आता हा धंदा आत्ताच एवढा का फोफावला ते आधी बघू, कारण दोष सगळा स्टॉलवाल्याचा नाही.

गेल्या दोनेक वर्षांत जुन्या गाडीवाल्यांची एकच तक्रार आहे, गाडी पहिल्यासारखी देत नाही. ती तक्रार खोटी नाही. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा असते. हिशेब शाळेतला पोरगा करील: शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई-२० मध्ये ऊर्जा साडेसहा-सात टक्के कमी, आणि आधीच्या ई-१० च्या तुलनेत साडेतीनच्या आसपास कमी. हे मी काढलेलं खूळ नव्हे. नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉल आराखड्यातच लिहिलंय की जुन्या रचनेच्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज ई-२० वर सहा-सात टक्के घटेल आणि दुचाकींचं तीन-चार टक्के. म्हणजे सरकारला आधीपासून माहीत होतं. पण पंपावर आपल्याला हे कुणी सांगितलं? जुन्या गाडीवाल्याला दुसरं पेट्रोल घ्यायची सोय ठेवली? तशी सोय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली, विषय संपला.

मी इथेनॉलच्या विरोधात नाही. आमच्या घरी ऊस आहे, बिल कारखान्यातून येतं, इथेनॉलचे पैसे फिरतात म्हणून ते वेळेवर येण्याची आशा असते. ज्या फांदीवर बसलोय ती कशाला तोडू? पण उसाचा भाव ज्याला पाहिजे त्यानंच पेट्रोलचं खरं सांगायला पाहिजे. "काही फरक पडत नाही, सगळी अफवा आहे" असं वरून सांगितलं गेलं. लोकांनी आपल्या टाकीत बघितलं तर फरक दिसत होता. सरकार खोटं बोलतंय असं एकदा डोक्यात बसलं की माणूस खरं सांगणारा दुसरा शोधतो. तो त्याला सापडला प्रदर्शनातल्या स्टॉलवर. आजार खरा आहे म्हणून तर भोंदू औषध खपतंय.

तर चिप घरी आणली. पेटीत लिहिलेलं, "पहिले २०० किलोमीटर चिप तुमची चालवण्याची सवय शिकते." लक्षात ठेवा हे वाक्य, त्यावर परत येतो. २०० किलोमीटर शिकू दिली तिला.

मग चाचणी. माझ्या मनात आधीच चिपबद्दल राग, म्हणजे मी स्वतः पक्षपाती. म्हणून सौ.ना कामाला लावलं. सहा चिठ्ठ्या, तीन "आहे", तीन "नाही". रोज पहाटे त्या एक चिठ्ठी काढणार, त्याप्रमाणं चिप लावणार किंवा कपाटात ठेवणार, सॉकेटवर काळी पट्टी चिकटवणार. दिवा पेटतोय का नाही ते मला दिसणार नाही. सहा दिवस पहाटे सहाला निघायचं, सांगलीहून अंकली, हातकणंगले करत कोल्हापूर, चहा, परत. जाऊन-येऊन शंभरच्या आसपास. टायरची हवा रोज तीच, एसी बंद, शक्यतो साठच्या आत. येताना एकाच पंपावर, एकाच नोझलनं, ऑटो कट झाला की थांबायचं.

चिप नव्हती त्या तीन दिवसांचं अ‍ॅव्हरेज १६.१, १५.६, १६.४. चिप होती त्या तीन दिवसांचं १५.९, १६.३, १५.८. सरासरी दोन्हीकडं सोळा.

मी रोज वहीत अंदाजही लिहीत होतो, आज चिप आहे की नाही. सहापैकी दोन बरोबर आले. ज्या दिवशी मी "आज पिकअप भारी वाटतोय, नक्की लावलीय" असं लिहिलं, त्या दिवशी चिप कपाटात साड्यांच्या घडीवर होती. सौ. अजून हसतात.

आता कुणी म्हणेल सहा फेऱ्या म्हणजे काय मोठं संशोधन. बरोबर आहे. ऑटो कटला पाव लिटर इकडंतिकडं झालं तर माझ्या हिशेबात चार टक्क्यांचा फरक पडतो. त्यामुळं चिपनं एक-दोन टक्के वाचवले असतील तर मला ते दिसणारच नाहीत. पण बोर्डावर २० ते ३५ लिहिलेलं होतं. सोळाचे एकोणीस-वीस झाले असते तर ते आंधळ्यालाही दिसले असते. आणि या चाचणीला मला पेट्रोलचे चार हजारांच्या जवळपास गेले. हजार रुपयांची वस्तू खोटी आहे हे सिद्ध करायला चार हजार लागतात, म्हणून कुणी करत नाही. धंद्याचा सगळा पाया हाच आहे.

मग स्क्रू ड्रायव्हरनं चिप उघडली. फोटो खाली टाकलाय. सॉकेटला सोळा पिना असतात. त्यातल्या फक्त दोन वायरिंगला जोडलेल्या, एक वीज यायची आणि एक अर्थिंगची. गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलायच्या ज्या पिना असतात त्या नुसत्या प्लास्टिकमध्ये रोवलेल्या, मागं काही नाही. एक बारीक आयसी, चार रेझिस्टर, तीन एलईडी आणि एक बटण. बटण दाबलं की दिवे लुकलुकतात. एवढंच. जी वस्तू गाडीशी बोलूच शकत नाही ती तुमची चालवण्याची सवय कुठनं शिकणार?

सवय शिकतं ते कोण, सांगू? तुम्ही. हजार-दीड हजार घातलेत, दिवा लुकलुकतोय, आता अ‍ॅव्हरेज मोजायचं म्हणून तुम्ही पाय हलका ठेवता. सिग्नलला गाडी बंद करता. ओव्हरटेक करायची घाई करत नाही. २०० किलोमीटर तुम्ही नीट चालवता आणि पेट्रोल खरंच वाचतं. "सर, माझ्या गाडीला फरक पडला" म्हणणारे खोटारडे नाहीत, माझं एवढंच म्हणणं आहे की फरक त्यांच्या पायानं पाडला आणि पैसे चिपवाल्यानं घेतले. त्यात बरेच जण चिप बसवायच्या दिवशीच गाडीची सर्व्हिसिंग करून घेतात, हवा भरतात. दोन महिन्यांनी पाय जड होतो, अ‍ॅव्हरेज जागेवर येतं, तोवर कोण मोजतंय.

चुंबकाचं थोडक्यात. विकणारा म्हणतो पेट्रोलचे रेणू सरळ रांगेत येतात आणि पूर्ण जळतात. पेट्रोलवर चुंबकाचा परिणाम इतका क्षीण असतो की या कामासाठी तो नसल्यात जमा. आणि मुळात "पूर्ण जळत नाही" हेच खोटं. धड स्थितीतलं इंजिन ९७-९८ टक्क्यांच्या वर पेट्रोल जाळतंच. मग आपले पैसे जातात कुठं? उष्णतेत. पेट्रोलमधल्या ऊर्जेतली चौथाई ते फार तर तिसरा हिस्सा कामाला येतो, बाकी सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून हवेत जाते. ती काही न जळलेल्या पेट्रोलची चोरी नव्हे, इंजिन नावाच्या यंत्राची जातच तशी आहे. एक-दोन टक्के न जळलेल्या पेट्रोलातून ३० टक्के बचत काढणं म्हणजे चिमूटभर पिठाच्या तीस भाकरी.

टर्बो पंखा तर विनोदच. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल त्या पंख्याच्या कितीतरी पुढं, इंजिनच्या तोंडाशी फवारलं जातं. सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर हवा आणि पेट्रोलचं प्रमाण सतत धरून ठेवतो. तुम्ही मधी पत्रा लावून हवेला अडथळा तेवढा केला. पत्र्याचं पातं सुटून आत गेलं तर इंजिनचं काय होईल ते विचारू नका.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, नाहीतर कुणीतरी जुना मेकॅनिक मला धरेल. कार्बोरेटरच्या जमान्यात काही गाड्या कंपनीतूनच जरा जास्त पेट्रोल ओढणाऱ्या यायच्या, तिथं बाहेरून थोडी हवा सोडणाऱ्या काही जोडण्यांनी थोडाफार फरक पडायचा. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं, ईपीएनं, १९७० च्या दशकापासून असली शंभराहून जास्त यंत्रं प्रयोगशाळेत तपासली. बहुतेकांतून काही निघालं नाही. बोटावर मोजण्याइतक्यांनी थोडी बचत दाखवली, आणि त्यातलं एक यंत्र काय करत होतं? एक्सलेटर जोरात दाबला की एसी बंद करत होतं. ते काम तुमचं बोट फुकटात करतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो, ज्यासाठी ही पोस्ट लिहायला बसलो. पाण्यावरचं किट.

आमच्या गल्लीत सकाळी एक ओम्नी येते, शाळेची मुलं घ्यायला. २०१२ ची गाडी. व्हॅनवाले मामा भले माणूस, कुणाचं पोरगं उशिरा आलं तर हॉर्न न वाजवता थांबतात. मागच्या महिन्यात मला म्हणाले, "सर, तुम्ही जाणकार, जरा बघा, किट बसवल्यापासून गाडी मधीच खाकरतीय." सीट उचलली. ओम्नीचं इंजिन कुठं असतं ते तुम्हाला माहितीय, पुढच्या सीटच्या खाली. तिथं इंजिनाला लागून प्लास्टिकची बाटली बांधलेली, आत सोड्याचं पाणी आणि स्टीलच्या पट्ट्या. बॅटरीपासून थेट वायर, मधी फ्यूज नाही. बाटलीतून एक नळी हवेच्या पाईपमध्ये.

त्या बाटलीत काय तयार होतं? हायड्रोजन आणि ऑक्सिजन, एकत्र मिसळलेले. पेटायला ठिणगी लागते ती सुईच्या टोकाएवढी. इंजिन खाकरतंय म्हणजे कधीतरी उलटा भडका नळीतून मागं येणार. आणि त्या सीटवर रोज सकाळी दोन पोरं बसतात, दुसरी-तिसरीतली.

मी मामांना म्हणालो, हे आत्ता काढा. ते गप्प. मग म्हणाले, "सर, साडेसहा हजार उसने घेऊन घातलेत. पेट्रोल शंभराच्या वर, पालक महिन्याला शंभर रुपये वाढवायला तयार नाहीत. मी काय करू?"

याला उत्तर माझ्याकडं नव्हतं. त्यांना मी जे कागदावर मांडून दाखवलं ते इथं देतो. समजा १०० रुपयांचं पेट्रोल जाळलं. इंजिनच्या क्रँकला त्यातले २५-३० रुपये पोचतात. त्या ताकदीवर अल्टरनेटर फिरतो, त्यात निम्म्याच्या आसपास जातात, वीज उरते १५ रुपयांची. त्या विजेनं बाटलीत पाणी फोडायचं, तिथं आणखी तिसरा हिस्सा गेला, वायू मिळाला १० रुपयांचा. तो परत त्याच इंजिनात जाळला की चाकाला मिळणार अडीच-तीन रुपये. म्हणजे १०० देऊन ३ परत. पाणी हे इंधन नाहीच. हायड्रोजन जळून गेल्यावर जे उरतं ते पाणी. चुलीतल्या राखेवर भात शिजवायला निघालेत हे लोक.

मामांनी किट काढलं. आम्ही दोघांनी मिळूनच काढलं. पण या एका गल्लीतली एक व्हॅन झाली. तालुक्यात अशा किती आहेत, कुणी मोजलंय? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरसीत लिहिलेल्या मूळ रचनेत असा फेरफार करता येत नाही. शाळेच्या व्हॅनचं पासिंग होतं तेव्हा टायर बघतात, दिवे बघतात, कागद बघतात. सीट उचलून बघायला किती वेळ लागतो? आणि उद्या भडका उडालाच तर विमा कंपनी पहिला प्रश्न काय विचारेल ते मी सांगायला नको.

"लावून बघायला काय जातंय" याचं माझं उत्तर हे आहे. चिपच्या बाबतीत हजार रुपये जातात. किटच्या बाबतीत कुणाचं तरी पोरगं जाऊ शकतं.

आता दलालवाल्यांसाठी. तुमचं म्हणणं, कार कंपन्या आणि तेल कंपन्या मिळून हा शोध दाबतात. तेल कंपन्यांचं सोडा. कार कंपन्यांना काय पडलंय दाबायचं? आपल्या देशात प्रत्येक कार कंपनीच्या सगळ्या गाड्यांच्या सरासरी धुरावर मर्यादा आहे, २०२२-२३ पासून किलोमीटरला ११३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. त्यापुढं गेलं तर दंड. एकेक ग्रॅम कमी करायला ते गाडीचा पत्रा हलका करतात, ऑइल पातळ वापरतात, सिग्नलला आपोआप बंद होणारं इंजिन देतात. नऊशे रुपयांच्या चुंबकानं ३० टक्के पेट्रोल वाचत असतं तर त्यांनी ते कारखान्यातच चिकटवलं असतं आणि टीव्हीवर रात्रंदिवस जाहिरात केली असती. अ‍ॅव्हरेजवर गाड्या विकणारा देश आहे हा. "किती देते?" हा आपला पहिला प्रश्न असतो.

आणि "आपल्या माणसाचा शोध" म्हणणाऱ्यांनी १९९६ सालचा तमिळनाडूचा प्रकार आठवावा. रामर पिल्लई नावाच्या गृहस्थानं झाडपाल्यापासून पेट्रोल काढलं म्हणून देशभर गाजावाजा झाला, शास्त्रज्ञांना हेवा वाटतो असं म्हटलं गेलं. आयआयटी मद्रासमध्ये काटेकोर तपासणी झाली आणि तो दावा टिकला नाही. परदेशी शोधाचंही तेच. ऑस्ट्रेलियात फायरपॉवर नावाची कंपनी होती, टाकीत टाकायची गोळी विकायची, बास्केटबॉलचा संघ बाळगून होती, मंत्र्यासंत्र्यांत ऊठबस. २००८ च्या सुमारास कोसळली आणि लोकांचे कोट्यवधी डॉलर बुडाले. भोंदूगिरीला देश नसतो, भाषा नसते.

शिवाय शोध खरा असेल तर तपासायची सोय आपल्या दारात आहे. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था १९६६ पासून हेच काम करते. गाडी रोलरवर चढवतात, ठरलेल्या चक्राप्रमाणं चालवतात, धूर मोजून पेट्रोलचा हिशेब काढतात. ज्याला आपल्या चुंबकाची खात्री आहे त्यानं पुण्याला जावं, अहवाल आणावा, मी स्वतः त्याच्या दुकानाबाहेर हार घेऊन उभा राहीन. स्टॉलवर "एआरएआय टेस्टेड" असं चिकटवलेलं होतं. अहवालाचा क्रमांक विचारला तर माझा विद्यार्थी म्हणाला, "सर, तो कंपनीकडं असतो."

जुन्या गाडीचं अ‍ॅव्हरेज वाढतच नाही का? वाढतं की. पण ते विकणाऱ्याला त्यात पैसे नाहीत. माझ्या अनुभवात सगळ्यात मोठा चोर म्हणजे काढून टाकलेला थर्मोस्टॅट. गाडी एकदा गरम झाली की आपल्याकडचे गॅरेजवाले तो काढतात आणि फेकून देतात, "आता कधी गरम होणार नाही सर." होणार नाहीच, पण इंजिन कायम थंड राहतं, गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं आत्ताच सकाळी चालू केलीय, आणि तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. काटा मधोमध येतोय का बघा. तासभर चालवूनही खालीच असेल तर नवीन थर्मोस्टॅट काही शेकड्यांत येतो. दुसरा चोर म्हणजे चिकटलेला ब्रेक. पंधरा-वीस किलोमीटर चालवून उतरा आणि चारही चाकांजवळ हात न्या, लावू नका, भाजेल. एक जास्त तापलेलं असेल तर तिथं तुमचं पेट्रोल जळतंय. मग जुना ऑक्सिजन सेन्सर, झिजलेले प्लग, घसरणारी क्लच प्लेट. हवा तर महिन्यातनं दोनदा तपासा. पेट्रोल बचतीचं काम करणारी सरकारी संस्था पीसीआरए वर्षानुवर्षं सांगतेय की ४५ ते ५५ च्या वेगात गाडी सगळ्यात चांगली देते. ते ऐकायला फुकट आहे म्हणून कुणी ऐकत नाही.

यानं ई-२० ची घट भरून निघेल का? माझ्या वॅगन-आरची निघाली, थर्मोस्टॅट आणि मागच्या उजव्या ब्रेकनं. तुमची निघेलच असं लिहून देत नाही. गाडी बघितल्याशिवाय अ‍ॅव्हरेजची हमी देणारा तो स्टॉलवाला, मी नव्हे.

ज्यांचे पैसे गेलेत त्यांनी नुसतं चडफडू नका. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. बिल दिलं नसेल तर यूपीआयचा स्क्रीनशॉट, खोका आणि ते रील जपून ठेवा. २०१९ च्या कायद्यानं फसव्या जाहिरातीला केंद्रीय प्राधिकरण दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं, आणि वस्तूची भलावण करणाऱ्यालाही. आपल्या भागातले जे दोन-तीन रीलवाले "भावांनो, मी स्वतः वापरतोय" म्हणून चिप दाखवत होते त्यांनी हे वाक्य परत वाचावं. प्रदर्शनाच्या आयोजकांनाही विचारतो, स्टॉलचं भाडं घेताना आत काय विकतात हे बघायची जबाबदारी तुमची नाही का? उद्घाटनाला आलेले पुढारी त्या स्टॉलसमोर उभं राहून फोटो काढून गेले. तो फोटो आता स्टॉलच्या बोर्डावर आहे.

काल रात्री त्या विद्यार्थ्याचा फोन आला होता. "सर, तुम्ही पोस्ट टाकल्यापासून धंदा बसलाय. मी विकलं नाही तर दुसरा विकेल. गॅरेजात बारा हजार मिळतात, इथं कमिशनवर पंचवीस पडतात. घरी दोन पोरं आहेत." मी म्हणालो, चिप विक, माणूस हजारानं मेला तरी जगेल, पण किट बंद कर. त्यावर तो म्हणाला, "कमिशन किटवरच आहे, सर." पुढं दोघांनाही काही बोलायला सुचलं नाही. मी फोन ठेवला.

तर येत्या रविवारी सकाळी सात वाजता, विश्रामबागला माझ्या घरासमोर. ज्यांचा आपल्या चिपवर, चुंबकावर विश्वास आहे त्यांनी गाडी आणि वस्तू घेऊन या. चिठ्ठ्या सौ. काढतील, पट्टी मी चिकटवीन, पेट्रोल ज्याचं त्यानं घालायचं. जो आकडा येईल तो इथंच टाकीन, माझ्या विरोधात आला तरी. शाळेच्या व्हॅनवाल्यांनी मात्र रविवारची वाट बघू नका. कधीही या, सीट उचलून बघतो, पैसे घेत नाही. पाना-पक्कड घरात आहे.